एका ‘बी’चं वजन

१. प्रश्न कुठून निघतो

कुवेतमधल्या मराठी घरात दहावी-अकरावीचं मूल असलं की पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. मुलगी अमेरिकन शाळेत आहे. तिने मोठ्या हिमतीने एपी कॅल्क्युलस घेतलं. बाकी सगळ्या विषयांत ए आहे, आणि नेमका इथे बी लागला. आई म्हणते, “साधं गणित घेतलं असतं तर हिला डोळे मिटून ए मिळाला असता. आता चांगल्या कॉलेजचं नाव काढायचंच नाही का?”

यात खरं तर दोन प्रश्न गुंतलेले आहेत. अवघड विषयातला बी बरा की सोप्या विषयातला ए, हा पहिला. आणि बी लागलाच, तर नुकसान किती, हा दुसरा. पहिल्यावर काउन्सेलर मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: “अवघड विषयातला ए सर्वांत बरा.” उत्तर चुकीचं नाही, पण ज्या घरात बी येऊन बसलाय त्या घराला त्याचा काडीचा उपयोग नाही.

हा प्रश्न कुवेतमध्ये जास्त टोचतो, त्याला कारण आहे. १९६६ साली सुरू झालेलं कुवेत विद्यापीठ मुख्यतः कुवेती नागरिकांसाठी आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या गल्फ युनिव्हर्सिटी फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजीसारखी खासगी विद्यापीठं आहेत, पण त्यांची फी भारतीय नोकरदाराला जड जाते आणि शाखाही मोजक्याच. त्यामुळे साल्मिया असो, अब्बासिया असो की मंगाफ, बारावीनंतर मूल बाहेर जाणार हे बहुतेक घरांत पहिलीपासूनच ठरलेलं असतं. कुठे जाणार, ते मात्र शेवटपर्यंत ठरत नाही. एकाच वर्षी एकाच मुलाचे अर्ज पुण्याला, मँचेस्टरला, टोरांटोला आणि बॉस्टनला जातात. त्या चारही ठिकाणी तो एकच बी चार वेगळ्या रीतींनी वाचला जातो. हे ध्यानात आलं नाही तर पालक एका देशाच्या नियमाची भीती दुसऱ्या देशाच्या अर्जाला लावतात आणि मुलाला नको ते सोडायला लावतात. म्हणून हे प्रकरण देशवार बघायचं आहे.

२. ‘अवघड विषय’ म्हणजे कोणते

कुवेतमध्ये शाळा तीन-चार प्रकारच्या आहेत. अमेरिकन स्कूल ऑफ कुवेत १९६४ पासून चालते. तिथे आणि तिच्यासारख्या शाळांत एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हे विषय मिळतात. शाळेत बसून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा, असा हा प्रकार. अमेरिकेतलं कॉलेज बोर्ड तो चालवतं.

एपीच्या बाबतीत दोन वेगवेगळे निकाल असतात, आणि इथेच बहुतेक घरांत घोळ होतो. वर्षभर वर्गात शिक्षक जो ग्रेड देतात, ए किंवा बी, तो शाळेच्या गुणपत्रकावर जातो. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची बाहेरची परीक्षा होते. तिचा निकाल १ ते ५ अशा आकड्यात, जुलैमध्ये येतो. ५ सर्वांत वरचा. वर्गात बी आणि परीक्षेत ५ असं होऊ शकतं, आणि उलटही होतं. ‘बी आला’ असं कुणी सांगितलं की तो वर्गातला, हे धरून चाला.

ब्रिटिश शाळांत ए-लेव्हल असते. मूल शेवटच्या दोन वर्षांत साधारण तीनच विषय घेतं, पण खोलवर. ग्रेड ए-स्टारपासून खाली. हा ए-स्टार २०१० मध्ये आला. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात, प्रत्येकी ७ गुण आणि वर ३, मिळून ४५. त्यातले तीन विषय ‘हायर लेव्हल’चे.

आणि बहुसंख्य मराठी मुलं जिथे आहेत त्या सीबीएसईच्या भारतीय शाळा. १९५९ पासून चालत आलेली इंडियन कम्युनिटी स्कूल, भारतीय विद्या भवनची शाळा, फहाहीलची शाळा. तिथे एपी नाही. पण सोपं-अवघड निवडण्याचा प्रश्न तिथेही आहे. त्याकडे पुढे येतो.

३. एक बी किती खाली ओढतो

भीती घालवायला हिशेबासारखं औषध नाही, तर आधी हिशेब करू. अमेरिकन शाळेत ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. सगळ्यांची सरासरी म्हणजे जीपीए.

नववी ते बारावी चार वर्षं, दर वर्षी सहा विषय, असे २४ ग्रेड झाले. त्यातले २३ ए आणि एक बी. बेरीज ९२ अधिक ३, म्हणजे ९५. भागिले २४. सरासरी ३.९६. चार बी असते तर ३.८३. म्हणजे एका बीने ४ मधले चार शतांश गेले. ज्या रात्री घरात कुणी जेवलं नाही त्या रात्रीचं सगळं दुःख या चार शतांशांचं असतं.

आता अवघड विषयाचा जोर. पुष्कळ शाळा एपीला एक गुण वाढवून देतात: एपीतला ए म्हणजे ५, बी म्हणजे ४. याला ‘वेटेड’ जीपीए म्हणतात. समजा, मंगाफमध्ये एकाच इमारतीत राहणारे दोन विद्यार्थी आहेत. पहिल्याचे सहाही विषय साधे आणि सहाही ए. त्याचा साधा जीपीए ४, वेटेडही ४. दुसरीने चार एपी आणि दोन साधे विषय घेतले. एपीत तीन ए, एक बी, साध्या दोन्हींत ए. तिचा साधा जीपीए २३ भागिले ६, म्हणजे ३.८३. वेटेड धरला तर १५ अधिक ४ अधिक ८, म्हणजे २७. भागिले ६, साडेचार. एका हिशेबात ती मागे आणि दुसऱ्यात बरीच पुढे.

कॉलेज कुठला हिशेब धरतं? अनेक कॉलेजं शाळेने छापलेला जीपीए बाजूला ठेवून आपल्या पद्धतीने पुन्हा मोजतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पद्धत उघड आहे, म्हणून तीच घेऊ. ते मुख्यतः दहावी आणि अकरावीचे ग्रेड मोजतात. ए-मायनस आणि ए यांत फरक करत नाहीत. बी-प्लस हा त्यांच्या लेखी बीच. एपी किंवा आयबीच्या विषयात सी किंवा वरचा ग्रेड असेल तर एक गुण वाढवतात, पण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरता. बाहेरच्या विद्यार्थ्याला अर्ज करायला किमान ३.४ लागतो. आठ सत्रं म्हणजे चार वर्षभराचे एपी. पाचव्या-सहाव्या एपीला त्यांच्या मोजणीत जादा गुण नाही. हे ठाऊक असलेलं घर दहावीतल्या मुलावर सहा एपी लादत नाही.

४. पर्थची खेळपट्टी

पण आकड्यांनी सगळं उलगडत नाही. कॉलेजात अर्ज वाचणारा माणूस ग्रेड एकटा वाचत नाही.

फेब्रुवारी १९९२ मध्ये पर्थला अठरा वर्षांच्या सचिनने ११४ धावा केल्या. भारत ती कसोटी ३०० धावांनी हरला. धावफलकावर ११४ ही काही डोळे दिपवणारी संख्या नाही. त्याहून मोठ्या खेळी त्याने पुढे कितीतरी केल्या. तरी आजही जाणकार त्या खेळीचं नाव आधी घेतात, कारण चेंडू कानाजवळून जात होता, समोरचे एकेक बाद होत होते, आणि ती खेळपट्टी काय आहे हे बघणाऱ्याला माहीत होतं. ग्रेडचंही तसंच. खेळपट्टी माहीत असल्याशिवाय धावा कळत नाहीत.

ही खेळपट्टी सांगणारा कागद अर्जासोबत शाळाच पाठवते. त्याला ‘स्कूल प्रोफाइल’ म्हणतात. एक-दोन पानांचा असतो. शाळा कुठे आहे, किती मुलं आहेत, कोणता अभ्यासक्रम, किती एपी मिळतात, एका मुलाला वर्षाला किती घेता येतात, शाळा वेटेड जीपीए देते की नाही, आणि चांगल्या शाळांच्या प्रोफाइलमध्ये हेही असतं की गेल्या वर्षी कोणत्या विषयात किती जणांना ए मिळाला. वाचणाऱ्याच्या समोर ट्रान्सक्रिप्टवरची ओळ असते: ‘एपी कॅल्क्युलस बीसी, पहिलं सत्र बी, दुसरं सत्र बी-प्लस’ (यातलं ‘बीसी’ हे विषयाचं नाव, ग्रेड नव्हे). तो शेजारच्या कागदावर बघतो. त्या विषयात वर्गात अगदी मोजक्यांनाच ए असेल, तर या बीचा भाव वेगळा. अर्ध्या वर्गाला ए असेल, तर वेगळा.

मला कळकळीने सांगावंसं वाटतं की पालकांनी हा कागद शाळेकडून मागून एकदा वाचावा. आपल्या मुलाची तुलना शेजारच्या शाळेतल्या मुलाशी होत नाही, आधी त्याच्याच शाळेतल्या मुलांशी होते. शाळेत जो विषय मिळतच नाही तो न घेतल्याची शिक्षाही नाही. मिळत होता, सगळी हुशार मुलं घेत होती, आणि आपण ए वाचवायला बाजूला झालो, हे मात्र त्या कागदामुळे लगेच दिसतं. सोप्या विषयातला ए इथे उघडा पडतो.

अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश-सल्लागारांची राष्ट्रीय संघटना कॉलेजांना विचारत असते की प्रवेश देताना तुम्ही कशाला किती महत्त्व देता. कॉलेजच्या तयारीच्या विषयांतले ग्रेड ‘अतिशय महत्त्वाचे’ असं सांगणारी कॉलेजं चारपैकी तीन भरतात, आणि विषयांचा अवघडपणा तितकाच महत्त्वाचा मानणारी दहापैकी सहाच्या आसपास. म्हणजे ग्रेड पहिला, अवघडपणा त्याच्या पाठोपाठ. अवघड विषय घेऊन सी, सी, सी लागले तर ‘पण विषय किती कठीण होते’ ही सबब फार चालत नाही.

५. हार्वर्डच्या खटल्यात काय दिसलं

प्रवेशाची आतली कागदपत्रं सहसा कुणाला दिसत नाहीत. हार्वर्डवर झालेल्या खटल्यात ती दिसली. २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात सुनावणी झाली आणि २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत रद्द ठरवली. आपल्याला इथे कामाचे आहेत ते त्या खटल्यात पुढे आलेले आकडे.

२०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतल्याच सुमारे २६,००० मुलांनी अर्ज केले होते. त्यांतल्या ८,००० हून जास्त मुलांचा जीपीए पूर्णच्या पूर्ण होता, एकही डाग नसलेला. जागा साधारण १,६००.

या आकड्यांवर क्षणभर थांबायला हवं. सगळे ए असलेल्यांनाच घ्यायचं ठरवलं असतं तरी पाचातल्या चार जणांना परत पाठवावं लागलं असतं. म्हणजे पूर्ण जीपीएने जागा मिळत नाही, आणि अशा कॉलेजात नकार आला म्हणजे तो एका बीमुळेच आला असं म्हणायलाही आधार नाही. तिथे अर्जाला अभ्यास, अभ्यासाबाहेरचं काम, खेळ आणि स्वभाव अशा रकान्यांत वेगवेगळे गुण दिले जात होते, असं त्याच खटल्यात दिसलं. एक बी असलेली मुलगी अभ्यासाच्या रकान्यात तरीही वरच्या गटात राहू शकते. मग बाकीचे रकाने बोलू लागतात. कुवेतहून, भारतीय पासपोर्टवर अर्ज करणाऱ्या मुलीची गाठ तर याहून अरुंद वाटेशी आहे, कारण अशा कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या जागा थोड्या असतात.

६. कुठला बी, कधीचा बी

सगळे बी सारखे नसतात. अमेरिकेचा विचार करताना मी पालकांना चार गोष्टी बघायला सांगते.

विषय कोणता? मुलाला इंजिनिअरिंगला जायचंय आणि बी एपी फिजिक्समध्ये आहे, तर वाचणारा थबकतो. तोच बी एपी अमेरिकन इतिहासात असेल, तर पान उलटतो. इतिहासाकडे जाणाऱ्या मुलीचा कॅल्क्युलसमधला बी उलट तिच्या बाजूने बोलतो, कारण घेणं भाग नसताना तिने तो विषय घेतला.

वर्ष कोणतं? नववीतला बी सर्वांत हलका. अकरावीचा जड, कारण अर्ज करताना पूर्ण झालेलं ते शेवटचं वर्ष असतं. बारावीच्या पहिल्या सत्राचे ग्रेडही ‘मिड-इयर रिपोर्ट’ म्हणून कॉलेजला जातात. मार्चअखेर निर्णय होतात, तोवर बारावीच्या मेमधली एपी परीक्षा झालेलीही नसते. त्या परीक्षेचा आकडा प्रवेश ठरवत नाही; त्याने पुढे कॉलेजात एखादा विषय माफ होऊ शकतो. प्रवेश मिळाल्यावर शेवटच्या सत्रात ग्रेड धाडकन कोसळले तर कॉलेज प्रवेश मागे घेऊ शकतं, आणि घेतंही. एका बीने तसं होत नाही.

रांग कशी आहे? बी, बी-प्लस, ए-मायनस, ए असा चढ असेल तर तो वाचणाऱ्याला दिसतो. ए, ए, बी, सी असा उतार असेल तर तोही दिसतो, आणि शेवटच्या आकड्यापेक्षा त्या उताराचीच काळजी जास्त.

आणि सोबत काय आहे? वर्गात बी पण मेमध्ये ५ आले असतील, तर तो आकडा अर्जात लिहावा. शिक्षक कडक आहेत, हे मुलीने सांगण्यापेक्षा त्या ५ ने सांगितलेलं बरं. त्याच शिक्षकांचं शिफारसपत्रही घेता येतं. जिथे सगळं सोपं गेलं त्या विषयाच्या शिक्षकांकडे पत्र मागायला मुलं धावतात. ऑक्टोबरात सी होता, मुलगी दर आठवड्याला सुटीत येऊन बसली, वर्षअखेर बी झाला, असं जे शिक्षक लिहू शकतात त्यांच्या पत्रात सांगण्यासारखं काही असतं.

कारण असेल तर तेही सांगायला जागा आहे. अर्जात जादा माहितीसाठी रकाना असतो. कुवेतच्या शाळा मार्च २०२० पासून जवळपास दीड वर्ष घरूनच चालल्या; त्या काळातल्या मुलांनी तिथे तसं लिहिलं. आजारपण, वडिलांची नोकरी गेल्याने मध्येच शाळा बदलणं, हेही चार ओळींत लिहावं. शिक्षकांची तक्रार लिहू नये.

७. ब्रिटनची रीत वेगळी

ब्रिटनमध्ये मात्र वरचं पुष्कळसं लागू पडत नाही. तिथे विद्यापीठ आधीच सांगतं की आम्हाला अमुक ग्रेड हवेत. केंब्रिजच्या इंजिनिअरिंगची नेहमीची मागणी ए-स्टार, ए-स्टार, ए अशी आहे. शाळा अर्जासोबत अंदाजे ग्रेड कळवते, त्यावर विद्यापीठ ‘इतके मिळाले तर जागा तुमची’ असा सशर्त प्रवेश देतं, आणि ऑगस्टमध्ये ए-लेव्हलचा निकाल लागतो. अट पुरी झाली तर प्रवेश पक्का.

अमेरिकेत तो बी चोवीसातला एक होता. इथे तो तिनातला एक आहे. ए-स्टार, ए-स्टार, बी आला तर अट मोडली. विद्यापीठ तरीही घेऊ शकतं, पण ते त्याच्या मर्जीवर. म्हणून तिथे विद्यार्थ्याला पाच अर्जांतून एक पहिली पसंती आणि एक राखीव पसंती ठेवायला सांगतात. राखीव जागेची अट कमी असलेली निवडण्यात शहाणपण. दोन्ही हुकल्या तर ‘क्लिअरिंग’मधून उरलेल्या जागा शोधाव्या लागतात.

एपी करणाऱ्या मुलांकडून ऑक्सफर्ड बाहेरच्या परीक्षेतले ५ मागतं. म्हणजे अमेरिकेसाठी रडवणारा वर्गातला बी इथे फारसा कुणी बघत नाही, आणि अमेरिकेने एरवी चालवून घेतलेले ४ इथे आडवे येतात. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्या मुलीने मार्च-एप्रिलचा वेळ कुठे घालवावा, हे यावरून ठरवता येईल.

कॅनडाबद्दल थोडक्यात: तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत शाखेला लागणाऱ्या ठरावीक विषयांची सरासरी बघतात. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याचा इतिहासातला बी त्या सरासरीत येतच नाही.

८. भारतात परत जायचं असेल तर

कुवेतमधल्या मराठी मुलांतली पुष्कळ भारतातच परततात, आणि इथे हिशेब मुळापासून बदलतो.

आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. त्यात बारावीचे गुण क्रमांक ठरवत नाहीत. ७५ टक्क्यांची, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट पुरी केली की झालं. मधल्या काळात तसं नव्हतं: २०१३ ते २०१६ या वर्षांत जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते गेलं. तरी त्या वेळचे सल्ले अजून नातेवाइकांकडून ऐकू येतात. वैद्यकीयला नीट, त्यातही बारावीला किमान पात्रता हवी, क्रमांक नीटचा. २०२१ मध्ये नीटचं भारताबाहेरचं पहिलं केंद्र जाहीर झालं ते कुवेतमध्ये. तोवर मुलांना भर सप्टेंबर-मेमध्ये विमान पकडून परीक्षेला जावं लागायचं.

एनआयटी आणि तत्सम संस्थांत परदेशात शिकलेल्या मुलांसाठी ‘दासा’ योजना आहे. आधी तिच्यासाठी सॅटच्या विषयवार परीक्षा लागत. कॉलेज बोर्डाने त्या २०२१ मध्ये बंद केल्या आणि त्या वर्षीपासून दासाही जेईई मेनवर आली. तिच्यातच आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळा गट आहे आणि त्याची फी देशातल्या विद्यार्थ्यांइतकी आहे. कुवेतच्या मध्यमवर्गीय घराला ही फार मोठी सोय आहे, आणि तिची माहिती अनेकांना बारावीच्या फेब्रुवारीत लागते.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही आखाती नोकरदारांच्या मुलांसाठी वाढीव जागा असतात. तिथे सीईटी नसते. बारावीचे गुण बघतात. म्हणजे जेईईच्या वाटेवर ७५ च्या वर कितीही असले तरी सारखेच मोजले जाणारे बारावीचे गुण या वाटेवर एकेक करून कामाला येतात. दोन्ही वाटा एकाच राज्यात, आणि नियम असे उलटे.

अमेरिकन शाळेतून भारतात जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिथला डिप्लोमा बारावीच्या तोडीचा आहे हे भारतीय विद्यापीठांना असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ठरवून देते. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित किंवा बायॉलॉजी हे विषय बारावीच्या पातळीचे हवेत. अशा वेळी बी आला म्हणून एपी फिजिक्स सोडणं म्हणजे चार शतांश वाचवायला पात्रताच घालवणं ठरू शकतं.

९. सीबीएसईच्या मुलांचं काय

सीबीएसईत एपी नाही म्हणून अमेरिकन कॉलेज नाक मुरडत नाही. त्यांच्याकडे भारतीय शाळांचे अर्ज दर वर्षी ढिगाने येतात आणि वाचणाऱ्याला बोर्ड ओळखीचं असतं. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो, अमेरिकेचा निर्णय मार्चमध्ये. म्हणून नववी, दहावी, अकरावीचे गुण आणि शाळेने दिलेला बारावीचा अंदाज यावर सगळं ठरतं. अकरावीकडे दुर्लक्ष करून ‘बारावीला बघू’ म्हणणारी आपली जुनी सवय तिथे महाग पडते.

बोर्डाचा ग्रेड गुणांवर नसतो, क्रमावर असतो. एका विषयात उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना ओळीने उभं केलं तर पहिल्या एक अष्टमांशाला ए-वन, पुढच्या अष्टमांशाला ए-टू. त्यामुळे एका विषयात जास्त गुण असून ए-टू आणि दुसऱ्यात कमी गुणांवर ए-वन असं दिसू शकतं. त्यात शाळेची चूक नसते.

सोपं-अवघड निवडीचा प्रश्न इथे वेगळ्या वेषात येतो. २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणित ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असं झालं. त्याच वर्षी अकरावीला ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ हा पर्यायी विषय आला. तो वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी आहे, इंजिनिअरिंगसाठी नाही. विषय चांगला आहे, कामाचा आहे. पण ‘यात गुण जास्त पडतात’ एवढ्याच कारणाने तो घेतलेल्या मुलाला वर्षभराने कॉम्प्युटर सायन्सकडे वळावंसं वाटलं, तर बहुतेक ठिकाणी त्याला परत जाता येत नाही. पंचाण्णव टक्के हातात आणि अर्ज भरायला शाखा नाही, ही वेळ बीपेक्षा पुष्कळ वाईट.

१०. बीपेक्षा मोठी गोष्ट

इथे एक स्पष्ट बोलायला हवं, कारण घरांत ते बोललं जात नाही. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना त्याला आर्थिक मदत लागणार आहे का, हे बघतात, आणि लागणार असेल तर निवड आणखी कडक होते. मदतीचा प्रश्न बाजूला ठेवून परदेशी मुलांचाही अर्ज वाचणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ, आणि आणखी मोजकी. कुवेतमध्ये पगार दिनारात असला तरी चार वर्षांचा अमेरिकन खर्च फार थोड्या घरांना झेपतो. अर्ज कुठे करायचा, हे या रकमेवरून आधी ठरवा. ज्या घराने ते ठरवलेलं नाही, ते घर चार शतांशांवर भांडत बसतं.

११. विषय सोडायचा का

शेवटी तो प्रश्न, जो सत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात विचारला जातो: “एपी सोडून साध्या वर्गात जाऊ का?”

पहिली चाचणी घसरली म्हणून नको. पहिल्या चाचणीत एपीच्या वर्गातले बरेच जण घसरतात. पण मूल रोज रात्री एकपर्यंत जागून तोच विषय करतंय, त्यामुळे बाकीचे चार विषय खाली येताहेत, आणि ग्रेड बीचा नसून सीच्याही खाली जाण्याच्या बेतात आहे, तर जरूर सोडावा. आणि शाळेच्या मुदतीच्या आत सोडावा, कारण मुदतीनंतर ट्रान्सक्रिप्टवर तशी खूण राहते. ब्रिटनला जाणारं मूल असेल तर तीन विषय नीट सांभाळावेत, चौथा हौसेचा सोडला तरी बहुतेक शाखांत बिघडत नाही. जेईई-नीटवाल्यांनी तर एपीच्या यादीपेक्षा एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांकडे बघावं. अमेरिकन शाळेत असलेल्या मुलाला ती पुस्तकं वेगळी आणून, बहुधा दहावीच्या सुटीतच, सुरुवात करावी लागते.

आणि बी लागून विषय पुरा झालेला असेल, तर कामं तीन: स्कूल प्रोफाइल मागून त्या विषयाच्या ग्रेडची वाटणी बघणं, मेच्या परीक्षेची तयारी, आणि पुढच्या वर्षी त्याच विषयाची पुढची पायरी घ्यायची का हे त्या विषयाच्या शिक्षकांशी बोलून ठरवणं. कॅल्क्युलस ‘एबी’ या आधीच्या पायरीत बी मिळवून पुढच्या वर्षी ‘बीसी’ ही वरची पायरी घेणारी आणि त्यात ए-मायनस मिळवणारी मुलगी ट्रान्सक्रिप्टवर दोन ओळींत दिसते, आणि त्या दोन ओळी एकमेकींच्या लगेच खाली छापलेल्या असतात.